तांब्यात राहिलेला आवाज: कथेसाठी जग कसं रचावं

नवं जग रचायला बसलेले बहुतेक लेखक पहिला कागद नकाशासाठी घेतात. डोंगर, नद्या, सात राज्यं, त्यांचे झेंडे, राजघराण्यांच्या वंशावळी. दोन महिने त्यात जातात आणि कथेचं पहिलं वाक्य लिहायचं राहूनच जातं. नकाशा लेखकाला काहीच विचारत नाही, तो नुसता भरत जातो. कथेला हवी असते टंचाई. एखादी गोष्ट थोड्यांकडे असते, पुष्कळांना हवी असते आणि ती मिळवायला काहीतरी गमवावं लागतं. ती टंचाई आधी ठरवा. नकाशा, नाणी, सण, शिव्या हे सगळं तिच्यातूनच काढता येतं.

इथे सगळ्या पायऱ्यांसाठी एकच उदाहरण घेतलं आहे, तांब्याच्या तांब्याचं. कारण साधं आहे. पुण्यात कसबा पेठेत तांबट आळी आहे, तिथे मठारकाम, म्हणजे तांब्याची भांडी हातोडीनं ठोकण्याचं काम, आजही चालतं. त्यामुळे कल्पनेतल्या जगाला लागणारी खरी माहिती पायी फिरून तपासता येते.

फरक एकच ठेवा

एक वाक्य लिहा: “सगळं आपल्यासारखंच, फक्त अमुक वेगळं.” ते पंधरा शब्दांच्या आत बसलं पाहिजे. त्यात “आणि” आला तर पुढचा भाग खोडा. आपलं वाक्य असं: माणूस मेला की त्याचा आवाज त्याच्या पाणी प्यायच्या तांब्यात राहतो.

दोन फरक एकत्र घेतले की ते एकमेकांना झाकतात. तांबे बोलतात आणि माणसं उडतातही, अशा जगात चोरी झाली तर ती कशामुळे शक्य झाली हे वाचकाला कळत नाही, म्हणून तो अंदाज बांधणं सोडून देतो. तीन-चार हजार शब्दांच्या कथेला एक फरक पुरतो. कादंबरीत दुसरा घ्यायचा तर तो पहिल्यातूनच निघालेला असावा.

परिणामांची उतरंड

उतरंडीत मडक्यावर मडकं बसतं तसा परिणामावर परिणाम बसवायचा. एक मोठा कागद आडवा घ्या. डावीकडे फरकाचे पाच थेट परिणाम लिहा. प्रत्येकापुढे “मग इतर लोक काय करतील?” असं विचारून दोन-दोन उत्तरं लिहा. त्या दहा उत्तरांपुढे प्रत्येकी एक सवय, कायदा किंवा शब्द लिहा. एकूण पंचवीस नोंदी होतात आणि तासाभरात काम उरकतं. त्यातल्या तीन अधोरेखित करा. बाकीच्या बावीस नोंदी वहीत राहू द्या, त्या कथेत कोंबायच्या नाहीत.

आपल्या उदाहरणात थेट परिणाम असा: मेलेल्या माणसाचा तांब्या घरचे लोक विकत नाहीत. त्यामुळे जुन्या तांब्याची मोड बाजारात येणं थांबतं, तांबं महागतं आणि तांबटांची वस्ती शहरातली सर्वांत श्रीमंत वस्ती होते. दुसरा परिणाम: मेलेल्याचं बोलणं पुरावा ठरतं. मग सावकार घरात बसून व्यवहार करत नाहीत, नदीकाठी नेऊन बोलतात. तिसऱ्या पायरीला भाषेत “नदीवरचा सौदा” हा वाक्प्रचार रुजतो आणि त्याचा अर्थ होतो लबाडी. आणखी एक: ज्यांच्या घरी मातीचीच भांडी आहेत त्यांचा आवाज मागे राहत नाही. न्यायसभेत “तांब्या आणा” असं म्हटलं की ती माणसं खाली मान घालून बाहेर पडतात.

नवशिक्याची सर्वांत मोठी चूक म्हणजे पहिल्या पायरीवर थांबणं. नातवंडं आजीचा आवाज ऐकतात, सगळ्यांचे डोळे भरून येतात. वातावरण छान तयार होतं, पण घडत काहीच नाही. कथा बहुधा दुसऱ्या पायरीवर सापडते, जिथे एकाच्या दुःखावर दुसऱ्याचा धंदा चालतो.

नियम

जादू असो, यंत्र असो की देवाचा कौल असो, चार प्रश्नांची उत्तरं लेखी हवीत. हे कोणाला मिळतं? कशानं सुरू होतं? किंमत काय पडते? कशानं बंद पडतं? प्रत्येक उत्तर एका ओळीत, आणि जिथे जमेल तिथे आकड्यात.

कोणाला: ज्यानं किमान वर्षभर एकाच तांब्यातून पाणी प्यायलं त्याला. तांब्या शुद्ध तांब्याचाच हवा. पितळ चालत नाही, कारण त्यात जस्त असतं. एवढ्या एका ओळीनं तांबंवाले, पितळवाले आणि मातीवाले असे तीन थर पडले.

कशानं सुरू: तांब्यात कोमट पाणी ओतलं की. आणि त्या माणसाच्या शेवटच्या वर्षात तांब्याजवळ जे बोललं गेलं तेवढंच ऐकू येतं. नव्या प्रश्नाला तांब्या उत्तर देत नाही. ही मर्यादा फार महत्त्वाची आहे. मेलेला माणूस उत्तरं देऊ लागला तर “मला कोणी मारलं” हे पहिल्याच पानावर कळेल आणि गोष्ट संपेल. शक्ती ठरवताना आधी तिला काय जमत नाही ते लिहावं, ते यासाठी.

किंमत: प्रत्येक ऐकण्यानं आवाज झिजतो. चाळीस वेळा ऐकला की संपतो. आता घरात मोजणी सुरू होते, वाटणी सुरू होते. कोणी किती वेळा ऐकायचं यावरून भावंडांत भांडण लागतं. आकडा ठेवल्यामुळे हे घडतं. “आवाज हळूहळू क्षीण होत जातो” असं लिहिलं असतं तर भांडायला कारणच उरलं नसतं.

कशानं बंद: कल्हईनं. इथे खऱ्या कामाची माहिती उपयोगी पडते. कल्हई करताना भांडं भट्टीवर तापवतात, नवसागराची पूड टाकून आतून घासतात, पांढरा धूर उठतो, मग कथील फिरवून कापसाच्या बोळ्यानं सगळीकडे पसरवतात. कथील २३२ अंश सेल्सिअसला वितळतं, म्हणून साध्या कोळशाच्या भट्टीवर हे काम होतं. आंबट पदार्थ तांब्या-पितळेच्या भांड्यात ठेवला तर कळकतो, म्हणून कल्हई लागते. पण नुसत्या पाण्याच्या तांब्याला ती लागत नाही.

या शेवटच्या वाक्यापाशी थांबा. पाण्याच्या तांब्याला कल्हई लागत नसेल, तर कोणाच्या घरी कल्हई केलेला तांब्या दिसणं हाच संशय झाला. मग लबाड लोक “आम्ही यात ताक ठेवतो” असं सांगू लागतील. पाहुण्यांना मुद्दाम तांब्यातून ताक देतील. हा प्रसंग नुसत्या कल्पनेतून निघाला नसता, तो कल्हईच्या माहितीतून निघाला. म्हणून ज्या वस्तूवर जग टेकवणार ती निदान अर्धा दिवस जवळून पाहावी: ती कशी बनते, कशानं बिघडते, दुरुस्त कोण करतं, मोडीत काय भावानं जाते. पुण्यात यासाठी तांबट आळी आहे, बुधवारी आणि रविवारी भरणारा जुना बाजार आहे, आणि शुक्रवार पेठेत राजा दिनकर केळकर संग्रहालय आहे. तिथल्या दिव्यांपुढे आणि अडकित्त्यांपुढे वही घेऊन उभं राहिलं की एकेका वस्तूत किती निर्णय दडलेले असतात ते कळतं.

डोंगर, पाऊस, वाट

नकाशा आता काढा, आणि तोही एकाच प्रश्नासाठी: टंचाईची वस्तू कुठून येते आणि वाटेत तिला कोण अडवतं?

दख्खनच्या बेसाल्टी पठारावर तांब्याच्या खाणी नाहीत. आपल्या कल्पित शहराला, त्याला सांदरे म्हणू, पुण्यासारखीच जागा दिली तर तांबं बंदरावरून घाट चढून येणार. बोरघाटातून गाडीरस्ता १८३० मध्ये झाला. त्याआधी माल बैलांच्या पाठीवरून चढत असे. एक बैल साधारण सव्वाशे किलो वाहतो. म्हणजे घाटमाथ्यावर ज्याची चौकी, त्याच्या हातात सांदऱ्याचे सगळे आवाज. पावसाळ्यात वाट जवळजवळ बंद. पटकीची साथ आली तर ती बहुधा याच दिवसांत. माणसं मरायच्या हंगामातच तांबं सर्वांत महाग. हे सगळं नकाशातूनच मिळालं आणि त्यासाठी सात राज्यं लागली नाहीत.

पावसाचा हिशेब पुण्याभोवतीच शिकता येतो. महाबळेश्वरला वर्षाला ५,५०० मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, पुण्यात सुमारे ७००, आणि पूर्वेला इंदापूर-बारामतीकडे ५०० च्या आसपास. समुद्रावरून येणारे ढग सह्याद्रीला धडकून वर चढतात, थंड होतात, तिथेच रिते होतात आणि पलीकडे कोरडा वारा उतरतो. शंभर-दीडशे किलोमीटरच्या पट्ट्यात भात, बाजरी आणि ज्वारी असे तीन मुलूख तयार होतात. कल्पित नकाशात डोंगराच्या दोन्ही बाजूंना सारखंच घनदाट जंगल दाखवलेलं असतं, तिथे आधी वारा कुठून वाहतो याचा बाण काढा.

नद्यांच्या बाबतीत चारच गोष्टी सांभाळा. नद्या खाली जाताना एकत्र येतात. मुखाजवळचा प्रदेश सोडला तर त्या फुटत नाहीत. तलावातून बाहेर पडणारा प्रवाह साधारणपणे एकच असतो. आणि नदी जवळच्या समुद्राकडेच जाते असं नाही. मुठा सह्याद्रीत उगवते, संगमावर मुळेला मिळते, मुळा-मुठा भीमेला आणि भीमा कृष्णेला. अरबी समुद्र पुण्यापासून सरळ रेषेत शंभरेक किलोमीटरवर असताना पुण्याचं पाणी बंगालच्या उपसागराला जातं. पाण्याला उतार कळतो, अंतर कळत नाही.

शहर पाणी कुठून पितं हेही विचारा. पेशवाईत कात्रजच्या तलावातलं पाणी जमिनीखालच्या दगडी नळातून केवळ उताराच्या जोरावर शहरातल्या हौदांपर्यंत आणलं होतं. असा नळ असला की त्याचे उच्छ्वास (हवा बाहेर पडायची तोंडं) आले, गाळ काढणारे लोक आले, हौदावरची भांडणं आली.

प्रवासाचे आकडे वहीच्या पहिल्या पानावर चिकटवून ठेवा. मोकळा माणूस दिवसाला २५ ते ३० किलोमीटर चालतो. बैलगाडी २० ते २५. लादलेल्या बैलांचा तांडा १२ ते १५. एकाच घोड्यावरचा स्वार रोज ४० ते ५०, घोडा बदलत गेला तरच जास्त. मोठा जमाव किती चालतो याचं उत्तम माप वारी आहे. आळंदी ते पंढरपूर हे सुमारे अडीचशे किलोमीटर, मुक्काम धरून अठरा-वीस दिवस. पुणे ते सासवड हा दिवे घाटासकटचा सुमारे तीस किलोमीटरचा टप्पा लांबचा समजला जातो. कल्पित सैन्य तोफा आणि बुणग्यांसह रोज पन्नास किलोमीटर जात असेल तर वारी पाहिलेला वाचक तिथेच थांबेल.

ताळा

गणिताचा ताळा करतात तसा जगाचाही करावा. एका दिवसाचा हिशेब पुरे.

सांदऱ्याची वस्ती दहा हजार धरा. माणशी रोज अर्धा किलो धान्य धरलं तर दिवसाला पन्नास क्विंटल. वर्षाला सुमारे अठरा हजार क्विंटल. चार महिने वाटा चिखलात, म्हणजे हे सगळं आठ महिन्यांत आत यायला हवं. बैलगाडीत आठ क्विंटल बसले तर रोज नऊ-दहा गाड्या. गाडीरस्ता नसला तर रोज साठेक लादलेले बैल. म्हणजे वेशीजवळ गाडीतळ, चारा, पाणी, नाल ठोकणारा आणि जकातीचा कारकून असणारच. पावसाळ्यासाठी पेवं किंवा कोठारं लागणारच. श्रावणात पेवाची किल्ली कोणाच्या कमरेला आहे, हे विचारलं की शहरात खरं राज्य कोणाचं चालतं ते समजतं.

यंत्रं आणि रासायनिक खतं नसलेल्या शेतीत एका बिगरशेतकऱ्यामागे साधारण पाच ते नऊ शेतकरी लागतात. दहा हजारांच्या शहरामागे पन्नास हजार ते नव्वद हजार गावकरी उभे करावे लागतात. पाचशे वस्तीचं गाव धरलं तर शंभराच्या वर गावं. ओसाड वाळवंटाच्या मधोमध संगमरवरी राजधानी उभी करणाऱ्यांनी हा हिशेब करावा. राजधानी काढून टाकायची गरज नाही, धान्य कुठून येतं तेवढं ठरवायचं.

पैशाचं कोष्टक लहान ठेवा. पाच वस्तूंचे भाव पुरतात: पायलीभर ज्वारी, मजुराचा एक दिवस, एक तांब्या, एक बैल, एक लाच. हे पाच एकमेकांशी जुळले की बाकीचे भाव आपोआप सुचतात. सांदऱ्यात मजुराची तीन महिन्यांची मजुरी म्हणजे एक तांब्या, असं ठरवलं की गरीब माणसाचा आवाज का राहत नाही हे वेगळं सांगावं लागत नाही.

नावं आणि मराठीचं व्याकरण

इंग्रजीत नाव ठरलं की ते तसंच वापरता येतं. मराठीत नावाला विभक्ती लागते, आणि कितीतरी चांगली कल्पित नावं तिथेच अडखळतात. म्हणून नाव ठरवल्यावर लगेच पाच रूपं मोठ्यानं म्हणून पाहा: सांदरे, सांदऱ्याला, सांदऱ्यात, सांदऱ्याहून, सांदऱ्याचा. जीभ अडली तर नाव बदला.

यातून एक सोयही मिळते. पुणे–पुण्यात, सातारा–साताऱ्यात अशी आपल्या घरची नावं वाकतात. परकी नावं ताठ राहतात. समुद्रापलीकडच्या बंदराचं नाव “तामो” ठेवलं तर ते “तामोला, तामोत, तामोहून” असंच चालतं. कुठलं गाव आपलं आणि कुठलं परकं हे वाचकाला न सांगता कळतं. पात्र बदलत गेलं तर त्याच्या तोंडी रूपही बदलू शकतं. तीस वर्षं तामोत राहून आलेला माणूस “सांदरेला” म्हणाला की ऐकणारे एकमेकांकडे बघतील.

नव्या वस्तूला लिंग द्यावंच लागतं, ते पहिल्या दिवशी ठरवून वहीत लिहा. चाळिसाव्या पानावर “तो भट्टी” झाला की सगळा विश्वास उडतो.

शब्द घडवताना संस्कृताचे जोडशब्द शक्यतो टाळा. “स्वरधारक ताम्रपात्र” बाजारात कोणी म्हणणार नाही. मराठीत जिवंत प्रत्यय भरपूर आहेत. शेतकरी, वारकरी, तसा पैसे घेऊन दुसऱ्याचा तांब्या ऐकणारा “कानकरी”. घरपट्टी, पाणीपट्टी, तशी “तांबेपट्टी”. आधी “ऐक्या” हा शब्द सुचू शकतो, पण “ऐक्याला” असं लिहिलं की “ऐक्य” आठवतं. सामान्यरूपात दुसऱ्या शब्दाशी गल्लत होते का, हे तपासायलाच हवं.

गावांच्या नावांत इतिहास कसा मुरतो ते पुण्यात पावलोपावली दिसतं. कोंढवा बुद्रुक आणि कोंढवा खुर्द: थोरलं आणि धाकटं, शब्द फारसीतून आलेले. लकडी पूल आज लाकडाचा नाही, तरी नाव तेच. पासोड्या विठोबा, जिलब्या मारुती: देवांची नावं शेजारच्या बाजारावरून पडली. या तिन्ही तऱ्हा उचला. सांदऱ्यात एखादा “आंधळा हौद” असू द्या ज्यात आता पाणी नाही, एखादी “कथील गल्ली” जिथे आता मिठाईची दुकानं आहेत.

जुने शब्द शोधायला मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश घ्या. पहिली आवृत्ती १८३१ ची, दुसरी १८५७ ची, आणि इंटरनेटवर तो मोफत शोधता येतो. शेती, वजनमापं, गाड्यांचे भाग, भांड्यांचे प्रकार यांसाठी त्याला तोड नाही. मात्र एका पानावर दोनपेक्षा जास्त अनोळखी शब्द नकोत, आणि प्रत्येकाचा अर्थ त्याच वाक्यातल्या हालचालीवरून कळावा.

संबोधनांकडे फार कमी लेखक लक्ष देतात. तू, तुम्ही, आपण या तिन्हींचा वापर जगाचा नियम म्हणून ठरवा. सांदऱ्यात तांब्यातल्या आवाजाला काय म्हणतात? जिवंतपणी बायको ज्याला “अहो” म्हणायची त्याला मेल्यावर “अरे” म्हणू शकते का? दीर, नणंद, जाऊ, साडू, विहीण यांना आपल्याकडे वेगवेगळे शब्द आहेत, कारण त्यांचे हक्क आणि मान वेगवेगळे आहेत. तांब्यावर पहिला हक्क कोणाचा, बायकोचा की थोरल्या दिराचा, हे ठरलं की अर्धा संघर्ष ठरला.

भूतकाळाच्या खुणा

तीनशे वर्षांचा इतिहास लिहू नका. दोन किंवा तीन घटना घ्या आणि प्रत्येकीच्या तीन खुणा ठेवा: एक वस्तू, एक सवय, एक शब्द. खूण नसेल तर ती घटना जगात घडलीच नाही असं समजा.

१२ जुलै १९६१ ला पानशेतचं धरण फुटलं, खडकवासल्याचं धरणही फुटलं आणि मुठेचं पाणी पेठांमध्ये शिरलं. त्याच्या खुणा आजही आहेत. पाणी कुठवर चढलं ते दाखवणाऱ्या रेषा, गोखलेनगरसारख्या पूरग्रस्तांच्या वसाहती, आणि जुन्या माणसांच्या बोलण्यातलं “पानशेतच्या आधी”. शनिवारवाड्याचंही तसंच: बांधकाम १७३० ते १७३२, आग १८२८ ची, आणि आता उरलेत तट, दरवाजे नि जोती. कथेत आगीचं वर्णन नसलं तरी चालेल. नुसत्या जोत्यावर मुलं खेळताना दाखवली की वाचक बाकीचं समजून घेतो.

वेशीबाहेर कोण?

ही पायरी वगळली जाते, आणि आमच्या मते सर्वांत जास्त नुकसान तिथेच होतं. मराठी लेखक जुन्या वळणाचं गाव रचतो तेव्हा सुतार, लोहार, कुंभार, परीट, न्हावी आपोआप येतात. धंदा जन्मानं ठरतो हेही आपोआप येतं, आणि वेशीबाहेरची वस्ती मात्र दिसेनाशी होते. बलुतेदारी घ्यायची तर ती पूर्ण घ्या: घाण कोण उचलतं, मेलेलं जनावर कोण ओढतं, हौदावर कोणाला पाणी भरू देत नाहीत. नको असेल तर विचार करून बदला आणि मग ही कामं कशी होतात ते सांगा. नुसतं न लिहिल्यानं प्रश्न सुटत नाही. सांदऱ्यात मातीच्या भांड्यातून पाणी पिणाऱ्यांना तांब्या परवडत नाही की बाळगू दिला जात नाही? या दोन उत्तरांमधून दोन अगदी वेगळी जगं निघतात.

वही

दोनशे पानी साधी वही पुरते. तीन-चार हजार शब्दांच्या कथेसाठी तिची तीन पानं भरली तरी खूप झालं, कादंबरीसाठी तीस-चाळीस. पहिल्या पानावर फरक, नियम आणि प्रवासाचे आकडे. मग भाव आणि मापं. मग नावं, प्रत्येकाची विभक्तीरूपं आणि लिंग यांसह. मग कालपट: कोण कधी जन्मलं, कोणत्या घटनेच्या वेळी किती वर्षांचं होतं. शेवटचं पान “न ठरवलेलं” म्हणून राखून ठेवा. लिहिताना पडलेले प्रश्न तिथे टाका आणि पुढे जा. लिहिणं थांबवून प्रत्येक प्रश्न सोडवत बसलात तर वही भरत जाईल आणि कथा जागच्या जागी राहील.

भविष्यातल्या कथेलाही हीच रीत लागू पडते. शंभर वर्षांनंतरचं पुणं रचायचं तर एकच बदल घ्या, उदाहरणार्थ पिण्याचं पाणी फक्त रात्री दोन तास येतं. मग शाळा, लग्नं, ढोलपथकांचा सराव, विसर्जन हे सगळं त्या दोन तासांभोवती कसं सरकतं ते पाहा.

पानावर आणताना

पहिल्या तीनशे शब्दांत फरक दिसला पाहिजे, पण समजावून सांगायचा नाही. हे वाचा:

“सांदऱ्यात शेकडो वर्षांपासून मृतांचे आवाज ताम्रपात्रांत राहत असत. कोमट पाण्याने ते जागृत होत व चाळीस वेळा ऐकल्यानंतर नष्ट होत.”

आणि हे:

“पारूनं चुलीवरचं आधण उतरवलं, बोट बुडवून पाहिलं, थोडं गार पाणी घातलं. ‘आज नको,’ थोरली जाऊ म्हणाली. ‘सातच राहिलेत.’ ‘सहा,’ पारू म्हणाली. ‘परवा तुमच्या लेकानं चोरून ऐकलंय, जाऊबाई.’”

माहिती जवळजवळ तीच आहे. दुसऱ्या उताऱ्यात ती कोणाला तरी हवी आहे आणि कोणी तरी ती अडवतंय, म्हणून ती लक्षात राहते. नियम सांगायची वेळ आली की तो मोडणारं किंवा त्यावरून भांडणारं माणूस शोधा. सगळं जाणणाऱ्या म्हाताऱ्याला आणून त्याच्याकडून वदवून घेण्याचा मोह आवरा. आणि परक्या पाहुण्याला गाव दाखवण्याचा प्रसंग पूर्ण कथेत एकदाच वापरा.

मसुदा झाला की दोन जणांना फक्त पहिली चार पानं द्या. “कसं वाटलं?” असं विचारू नका, त्याचं उत्तर नेहमी “छान” असतं. तीन गोष्टी विचारा: या जगात काय महाग आहे? काय करता येत नाही? कोणाची भीती वाटते? दोघांची उत्तरं जुळली नाहीत तर त्या जागी नियम धूसर राहिला आहे. मग त्यांना पडलेले प्रश्न लिहून घ्या. त्यातला जो प्रश्न तुमच्या “न ठरवलेलं” पानावरही असेल, तो सर्वांत आधी सोडवा.

सांदऱ्याच्या बाबतीत तो प्रश्न असा येईल: कल्हई झिजली तर आवाज परत येतो का? आवाज कायमचा गेला असं ठरवलं तर कल्हई हा खून होतो आणि कथा शोधाची होते. परत येतो असं ठरवलं तर कल्हई ही मुदत होते. रोजच्या वापरातली कल्हई काही महिन्यांत उतरते. सावकारानं पारूच्या नवऱ्याच्या तांब्याला रातोरात कल्हई करवली आहे, निवाडा दिवाळीनंतर आहे, आणि पाऊस आत्ता कुठे सुरू झालाय. तेव्हा पारू रोज दुपारी, सगळे निजले की, चिंच आणि राख घेऊन परसात बसते आणि तांब्या आतून घासत राहते.